राउटरसाठी बनलेला प्रोसेसर लढाऊ विमानात बसवताना

मी बंगळूरला एका एव्हियॉनिक्स, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या, कंपनीत हार्डवेअर डिझाइनला आहे, मूळची नाशिकची. ओझरला एचएएलमध्ये सुखोई बनतात, त्यामुळे आमच्याकडे लढाऊ विमान म्हणजे काही फार लांबची गोष्ट नाही, आणि गावी गेलं की कोणी ना कोणी विचारतंच की विमानात कसला कॉम्प्युटर असतो, स्पेशल मिलिटरी चिप असेल ना? नसते. निदान आम्ही केलेल्या कॉम्प्युटरमध्ये तरी नाहीये. आम्ही वापरलेला प्रोसेसर पी२०२०, फ्रीस्केलचा, म्हणजे आता एनएक्सपीचा. पॉवरपीसी नावाच्या प्रोसेसर घराण्यातला, दोन कोअरचा (म्हणजे एकाच चिपमध्ये स्वतंत्र चालणारे दोन प्रोसेसर), आणि तो बनवला गेला राउटर, स्विच, मोबाइल टॉवरच्या उपकरणांसाठी. तो विमानात नेताना काय काय करावं लागलं ते लिहिते. विमान कुठलं आणि कंपनी कुठली ते लिहिता येणार नाही, पण काम करायची पद्धत जगभर साधारण अशीच आहे.

आधी हे की मुळात कमर्शियल चिप का घ्यायची. १९८० मध्ये अमेरिकी हवाई दलाने १७५०ए नावाचं १६ बिटचं प्रोसेसरचं स्टँडर्डच काढलं होतं, मिलिटरीसाठीच केलेलं, तेव्हा चिप कंपन्यांना सैन्य हे मोठं गिऱ्हाईक होतं. मग पीसी आले, मोबाइल आले आणि सैन्याची खरेदी त्यापुढे किरकोळ झाली. जून १९९४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेशच काढला की शक्य तिथे कमर्शियल स्पेसिफिकेशन वापरा, मिलिटरी स्पेसिफिकेशन हवं असेल तर का हवं ते सांगा. त्याच दशकात इंटेल आणि मोटोरोला दोघंही मिलिटरी चिपच्या धंद्यातून बाजूला झाले. एफ-२२ च्या मुख्य कॉम्प्युटरात इंटेलचा आय९६० होता, विमान पुरतं सेवेत यायच्या आधीच तो जुना पडला आणि मग पॉवरपीसीवर जावं लागलं. एफ-३५ तर पहिल्यापासून पॉवरपीसीवरच.

आपल्याकडे अजून एक कारण आहे आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस ही पूर्ण मिलिटरी रेंज ज्या चिपवर छापलेली असते ती अमेरिकेच्या निर्यात नियंत्रण यादीत येते, लायसन्स, एंड युजर सर्टिफिकेट, वाट बघणं, आणि उद्या राजकारण बदललं की दार बंद. १९९८ ला पोखरणनंतर तेजसच्या फ्लाइट कंट्रोलवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअर लोकांना परत पाठवलं गेलं होतं, विमान ४ जानेवारी २००१ ला उडालं खरं पण त्या दिवसांबद्दल जुनी माणसं अजून बोलतात. त्यामुळे राउटरमध्ये लाखोंनी जाणारी, कुठल्याही अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडे मिळणारी चिप घ्यायची आणि तिचा भरवसा आपण आपल्या हाताने सिद्ध करायचा, हा मार्ग मला नुसता सोयीचा नाही तर योग्य वाटतो. फक्त तो स्वस्त आहे असं कोणी समजू नये. चिपची किंमत या सगळ्या खर्चात कुठे दिसतही नाही.

आता तापमान. साधी कमर्शियल चिप ० ते ७० अंश, इंडस्ट्रियल उणे ४० ते ८५. प्रोसेसर आम्हाला उणे ४० वाला मिळाला, पण बोर्डवर प्रोसेसर एकटा नसतो ना, डीडीआर मेमरी, फ्लॅश, क्लॉकचा ऑसिलेटर, पॉवरचे रेग्युलेटर, विमानातली उपकरणं जोडणाऱ्या १५५३ बसचा ट्रान्सीव्हर, एफपीजीए (जिच्या आतलं सर्किट आपण ठरवतो ती चिप), या सगळ्यांचं मिळून जे सगळ्यात कमजोर तेच बोर्डाचं तापमान. पार्ट लिस्टमधल्या प्रत्येक ओळीपुढे आम्ही रेंज लिहिली आणि जे कमी पडत होते तिथे शक्यतो पार्टच बदलला. जिथे पर्यायच नव्हता तिथे अपस्क्रीनिंग, म्हणजे उत्पादकाने जी रेंज दिली नाही त्या रेंजमध्ये आपण स्वतः प्रत्येक पार्ट तपासून घ्यायचा. याचे नियम आहेत, आयईसीचा रिपोर्ट आहे ६२२४० नंबरचा, पण आमचे लीड सर (सांगलीचे, या क्षेत्रात आयुष्य गेलेलं) पहिल्याच रिव्ह्यूत म्हणाले, "अपस्क्रीनिंग शेवटचा उपाय. आज तपासलेला लॉट पास होईल, पुढच्या वर्षी उत्पादक फॅब (चिपचा कारखाना) बदलेल आणि तुला कळवणारही नाही." आम्ही ते ऐकलं, दोन पार्ट सोडून बाकी सगळे योग्य रेंजचे शोधले. त्यात वेळ गेला पण नंतर जो त्रास वाचला तो त्याहून खूप जास्त होता.

मग उष्णता. लोकांना वाटतं वर तर थंडी असते, ४० हजार फुटांवर बाहेर उणे ५५ च्या आसपास. बरोबर आहे, पण तिथे हवेची घनता जमिनीच्या साधारण चौथा हिस्सा, पंखा फिरेल पण नेण्यासारखी हवाच नसेल. शिवाय पंखा म्हणजे फिरणारा भाग, धूळ, बिघाड. म्हणून कंडक्शन कूलिंग, म्हणजे उष्णता धातूतून बाहेर नेणं. चिपवर थर्मल पॅड, त्यावर ॲल्युमिनियमची फ्रेम, फ्रेम बोर्डाच्या दोन्ही कडांना, कडा वेजलॉकने (पाचरीसारख्या पट्टीने) घट्ट दाबून डब्याच्या भिंतीला, आणि भिंत थंड ठेवायचं काम विमानाचं. सगळी उष्णता या एकाच वाटेने जाते. कार्डाच्या कडेला ८५ अंश धरायचं असा नियम, तिथून चिपकडे मोजत यायचं, फ्रेममध्ये दहाएक अंश चढले, पॅडमध्ये चारपाच, पॅकेजच्या आत अजून काही, आणि शेवटी सिलिकॉनचं जंक्शन टेंपरेचर (चिपच्या अगदी आतलं तापमान) जे येईल ते डेटाशीटच्या मर्यादेच्या पुरेसं खाली हवं, मर्यादेला टेकलेलं नाही चालत, कारण तापमान चढतं तसं चिपचं आयुष्य झपाट्याने घटतं आणि राउटर पाच वर्षांनी फेकतात, विमान तीसचाळीस वर्षं उडतं.

यात पॅडचा मुद्दा फार नाजूक आहे. पॅड जास्त दाबलं तर उष्णता छान जाते पण चिप बोर्डाला जोडणाऱ्या, तिच्याखालच्या सोल्डरच्या गोळ्यांवर कायमचा भार येतो, आणि त्यावर व्हायब्रेशन आलं की तडे. कमी दाबलं तर मध्ये हवा राहते. पॅकेजची उंची चिपागणिक थोडी बदलते, बोर्ड थोडा वाकतो, फ्रेमच्या मशीनिंगला टॉलरन्स असतो, हे सगळं बेरजेत धरून पॅडची जाडी ठरवायची. मेकॅनिकलची मुलं आणि आम्ही हार्डवेअरवाले यावरून खूप भांडलोय. शेवटी थर्मोकपल लावून मोजलं, सिम्युलेशनच्या आकड्याशी ताडून बघितलं आणि मगच ड्रॉइंगवर सह्या झाल्या.

सोल्डरवर मला जरा जास्त लिहायचंय कारण बाहेर याची कल्पनाच नसते. १ जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आली, आणि जगभरच्या चिप कंपन्यांनी सोल्डर बदलून बिनशिशाचं केलं. एव्हियॉनिक्सला त्यातून सूट आहे, पण सूट असून उपयोग काय, चिप कंपनी आपल्यासाठी वेगळी शिशाची चिप थोडीच बनवणार. आणि बिनशिशाची अडचण अशी की शुद्ध कथिलातून कालांतराने केसासारखे बारीक तंतू उगवतात, ते शेजारच्या पिनला टेकले की शॉर्ट. १९९८ मध्ये गॅलेक्सी-४ नावाचा उपग्रह निकामी झाला, अमेरिकेतले लाखो पेजर एका दिवसात बंद पडले, त्याचं कारण हेच तंतू मानलं जातं.

चिपखालच्या गोळ्या कथिल-चांदी-तांब्याच्या, त्या २१७ अंशांच्या पुढे वितळतात. आमची बाकी बोर्डाची प्रोसेस कथिल-शिशाची, ती १८३ ला वितळते. शिशाच्या तापमानाला बोर्ड भाजलं तर बोर्डवर लावलेली सोल्डरची पेस्ट वितळते पण गोळी अर्धवटच, जोड वरून चांगला दिसतो आणि आतून अर्धा कच्चा. तापमान वाढवलं तर शिशाच्या हिशोबाने निवडलेल्या बाकी पार्टना ते झेपेल की नाही हा प्रश्न. म्हणून आम्ही रिबॉलिंग केलं. प्रोसेसरच्या मूळ गोळ्या काढायच्या, जागा साफ करायची, शिशाच्या नवीन गोळ्या बसवायच्या. वाचायला सोपं आहे, पण प्लॅस्टिक पॅकेज हवेतला ओलावा शोषतं आणि तसंच गरम केलं तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन पॅकेज आतून सुटतं, म्हणून आधी ओव्हनमध्ये बेक करायचं, मग प्रत्येक टप्प्याचा हिशोब ठेवायचा की चिपने आतापर्यंत किती वेळा भट्टी बघितली. रिबॉलिंगच्या आधी आणि नंतर ध्वनिलहरींच्या मायक्रोस्कोपखाली आत कुठे थर सुटलाय का बघितलं, एक्सरे काढले, काही चिप मुद्दाम कापून जोडाचा आडवा छेद पाहिला. नव्या मुलांना चिप कापताना जिवावर येतं, पण कापल्याशिवाय आतलं कळत नाही.

आणि मग थर्मल सायकलिंग. सिलिकॉन एका अंशाला लाखात ०.३ भाग प्रसरण पावतं, बोर्ड त्याच्या चारपाच पट, त्यामुळे प्रत्येक गरम-थंडीला मधले जोड ओढले जातात. विमान राजस्थानात उन्हात उभं असतं, वर जातं, पुन्हा खाली येतं, हे वर्षानुवर्षं. चेंबरमध्ये आम्ही तेच वेगाने करतो, प्रत्येक जोडाचा रेझिस्टन्स सतत मोजत. ज्या रात्री सायकलिंग चालू असायचं त्या रात्री मी लॅपटॉप उशाशी घेऊन झोपायचे, आलेख सरळ दिसला की बरं वाटायचं.

सगळ्यात शिकवून गेलेला प्रॉब्लेम मात्र मेमरीचा होता. डीडीआर३ मध्ये बूट होताना कंट्रोलर आणि मेमरी आपापसात टायमिंग जुळवून घेतात, राउटरमध्ये हे एकदा झालं की झालं, तो एसीच्या खोलीत असतो. आमचं बोर्ड उणे ४० ला बूट होतं, तेव्हाच्या तापमानाला टायमिंग जुळतं, आणि मग स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या उष्णतेने पाऊणएक तासात बोर्ड शंभरेक अंश वर चढतं. सुरुवातीचं जुळवलेलं टायमिंग तोपर्यंत कडेला सरकलेलं. थंडीत सुरू करून थंडीतच टेस्ट केली तर पास, गरम करून गरमच सुरू केली तरी पास, पण थंडीत सुरू करून न थांबवता गरम केलं की ईसीसीचा (मेमरीतली चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या सोयीचा) काउंटर हळूहळू वाढायला लागायचा. एकेक बिटची चूक, ईसीसी ती दुरुस्त करत होतं म्हणून प्रोग्रॅम व्यवस्थित चालला होता, काउंटरचं लॉगिंग नसतं तर कोणाला कळलंही नसतं. कोणीतरी म्हणालं दुरुस्त होतंय ना, मग सोडून द्या. आमच्या टेस्ट लीड मॅडम ठाम राहिल्या, त्यांचं म्हणणं होतं की ईसीसी आपण अवकाशातून येणाऱ्या कणांसाठी ठेवलंय, आपल्या डिझाइनचं कमी पडलेलं मार्जिन झाकायला नाही. अगदी बरोबर होतं ते. मग अनेक बोर्डांवर, दोन्ही टोकांच्या तापमानाला, टायमिंगची खिडकी कुठून कुठपर्यंत आहे ते मोजलं, आणि बूटच्या वेळी जे मिळेल ते घेण्याऐवजी दोन्ही खिडक्यांना समाईक असलेला मधला भाग धरून सेटिंग बसवलं. काउंटर शून्यावर आला.

त्या कणांबद्दलही सांगते. वैश्विक किरण वातावरणावर आदळले की न्यूट्रॉन तयार होतात, ४० हजार फुटांवर त्यांचा मारा समुद्रसपाटीच्या शेकडो पट असतो, एखादा न्यूट्रॉन चिपमध्ये योग्य जागी धडकला की ० चा १ होतो. गंमत अशी की दक्षिण भारत या बाबतीत जगातल्या सगळ्यात सुरक्षित भागांपैकी आहे, विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेचे कण आत येऊच देत नाही, आपल्या टीआयएफआरचा ग्रेप्स-३ हा प्रयोग उटीला आहे तिथे ही मर्यादा साधारण १७ गीगाव्होल्ट, म्हणजे जगात जवळजवळ सर्वाधिक. पण विमान उद्या सरावाला उत्तरेकडच्या एखाद्या देशात जाऊ शकतं, त्यामुळे हिशोब कठीण अक्षांशाचाच धरला. मेमरीला ईसीसी, एल२ कॅशला (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीला) ईसीसी, एल१ ला पॅरिटी (चूक नुसती ओळखणारी), ही प्रोसेसरमध्ये होतीच, आम्ही वर वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर रिसेट करणारा टायमर) आणि मेमरी सतत वाचून साफ करत राहणारा एक टास्क टाकला. खरं तर ईसीसी आहे की नाही हा प्रोसेसर निवडतानाचा पहिला प्रश्न होता, साध्या पीसीच्या चिप तिथेच गळाल्या.

ईएमआय (एका उपकरणाचा दुसऱ्याला होणारा विद्युतचुंबकीय त्रास) आणि पॉवर थोडक्यात सांगते, तो आमच्या शेजारच्या टीमचा विषय. विमानाचे २८ व्होल्ट कधी ५० वर उडी मारतात, कधी ५० मिलिसेकंद गायबच होतात, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडता कामा नये, म्हणून कपॅसिटरची बँक. आणि राउटरच्या चिपचे वेगवान क्लॉक रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर आवाज करतात, तो डब्याबाहेर गेला तर पायलटच्या रेडिओत खरखर. डब्याच्या झाकणाचं गास्केट तीन वेळा बदललं एवढंच सांगते.

आता दोन कोअर. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. कोअर दोन असले तरी एल२ कॅश ५१२ केबीची एकच, मेमरी कंट्रोलर एकच. एका नळावर दोन घागरी. एका कोअरने मेमरीवर झुंबड केली की दुसऱ्याचं काम रेंगाळतं. राउटरमध्ये पॅकेट थोडं उशिरा गेलं तर काही बिघडत नाही, तिथे सरासरी वेग महत्त्वाचा. आपल्याकडे सरासरीला किंमत नाही, सगळ्यात वाईट वेळ किती लागू शकतो ते सिद्ध करून दाखवायचं असतं, कारण डिस्प्लेवरचं क्षितिज आणि शस्त्राची माहिती ठरल्या मिलिसेकंदात यायलाच हवी. आम्ही एका कोअरवर खरं ॲप्लिकेशन आणि दुसऱ्यावर मुद्दाम मेमरी बदडणारा प्रोग्रॅम लावून मोजलं, काही टास्कचा वेळ इतका वाढला की मीटिंगमध्ये थोडा वेळ कोणी बोललं नाही. नागरी विमानांच्या प्रमाणन संस्थांचा यावरचा कास्ट-३२ए हा पेपर २०१६ चा, तो आम्ही अक्षरशः ओळीने वाचला, मिलिटरीला तो थेट लागू नसला तरी आपल्या सेमिलॅकचे (लष्करी विमानांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे) लोक प्रश्न तेच विचारतात. पहिल्या सर्टिफिकेशनला आम्ही दुसरा कोअर बंद ठेवला. नुसता सॉफ्टवेअरने न वापरणं वेगळं, तो बूटपासून रिसेटमध्येच धरून ठेवलाय आणि चुकूनही जागा होणार नाही हे दाखवणं वेगळं. हेच यूएसबीला, न वापरलेल्या पीसीआयला, डीबगच्या पोर्टला. राउटरवाल्यांनी हौसेने दिलेली प्रत्येक सोय आमच्यासाठी बंद करून दाखवायची एक बाब होती.

तसंच इराटा. प्रत्येक प्रोसेसरच्या सापडलेल्या चुकांची यादी उत्पादक छापतो, इंटेलच्या पेंटियमची भागाकाराची चूक १९९४ मध्ये गाजली होती ती सगळ्यांना माहीत आहे, पण छोट्या चुका प्रत्येक चिपमध्ये असतात. आम्ही यादीतली एकेक ओळ घेऊन तीन प्रश्न विचारले, आपल्या वापरात ही परिस्थिती येते का, येत असेल तर काय केलं, आणि केलेलं काम करतंय याचा पुरावा कुठे. नवीन इराटा आला की पुन्हा. मला हे काम कंटाळवाणं कधीच वाटलं नाही, चिपच्या पोटात काय चालतं ते डेटाशीटपेक्षा इराटामधून जास्त कळतं.

यानंतर सेफ्टी ऑफ फ्लाइटच्या टेस्ट, म्हणजे विमानात बसवायला किमान सुरक्षित आहे एवढं, आणि मग पूर्ण क्वालिफिकेशन. डीजीएक्यूएचे (लष्करी विमानांची गुणवत्ता तपासणाऱ्या सरकारी खात्याचे) अधिकारी समोर उभे राहून प्रत्येक टेस्ट बघतात, सेटअपचा फोटो, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट, बोर्डाचा सिरियल नंबर, सगळं. व्हायब्रेशन तीन अक्षांवर, मग झटके, तोफेच्या मार्‍याचं कंपन वेगळं, ओलावा, मीठ, बुरशी. ज्या युनिटवर क्वालिफिकेशन झालं ते नंतर कधीच उडत नाही, त्याचं आयुष्य चेंबरमध्येच संपतं. आणि उडणाऱ्या प्रत्येक युनिटला वेगळं, सौम्य स्क्रीनिंग, २० ते २००० हर्ट्झचं रँडम व्हायब्रेशन साधारण ६ जी आरएमएस आणि काही तापमानाच्या फेऱ्या, म्हणजे कच्चे जोड कारखान्यातच कळावेत.

खरेदीचा भाग मला आधी क्लार्कचं काम वाटायचा, तसा तो नाही. २०१२ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीने रिपोर्ट दिला की संरक्षण साखळीत दहा लाखांवर संशयित नकली पार्ट सापडले, बरेचसे जुन्या बोर्डांवरून काढून, घासून, नवा नंबर छापलेले. कॉलेजच्या प्रोजेक्टला लॅमिंग्टन रोडवर फिरून पार्ट आणण्यात मजा होती, इथे मात्र उत्पादकापासून आमच्या दारापर्यंत कागद सलग नसेल तर रीळ उघडायचंच नाही. एकाच डेट कोडचा, म्हणजे एकाच सुमारास बनलेला, लॉट, आणि चिप बंद होणार अशी नोटीस आली की शेवटची मोठी खरेदी करून नायट्रोजनच्या कपाटात ठेवायची. किती घ्यायच्या हे ठरवणं कठीण, तीस वर्षांत किती बोर्ड बिघडतील ते आज सांगायचं असतं.

सध्या आम्ही पुढचा प्रोसेसर शोधतोय आणि सोबत जुन्या बोर्डावर दुसरा कोअर चालू करायचा प्रयत्न चाललाय, कॅशचे भाग वाटून देऊन आणि प्रत्येक कोअरला मेमरीचा ठरावीक वाटा बांधून देऊन. नव्या चिपसाठी उत्पादकांना पाठवलेल्या प्रश्नावलीत गीगाहर्ट्झ कुठे पहिल्या पानावर नाहीत. पहिल्या पानावर आहे की कोअरना मेमरीशी जोडणाऱ्या आतल्या फॅब्रिकचा प्राधान्यक्रम कसा ठरतो ते लेखी द्याल का, कॅश कुलूपबंद करता येते का, ईसीसी कुठेकुठे आहे, आणि पंधरा वर्षं पुरवठ्याची हमी देता का. दोन उत्पादकांची उत्तरं आलीत, फॅब्रिकबद्दल एकाने गोपनीयतेचा करार करून कागद द्यायची तयारी दाखवलीय, त्या कराराचा मसुदा आमच्या लीगलकडे आहे.